मागचे पाय नसलेली खुर्ची घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या फ्लॅटसाठी जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या घ्यायच्या आहेत. पसंत पडलेली खुर्ची चकचकीत स्टीलच्या वाकवलेल्या पाइपची, बैठक आणि पाठ वेताची, आणि मागचे पाय तिला नाहीतच. दुकानदार तिला 'बाउहाउस चेअर' म्हणतो. एका दुकानात जी किंमत, तिच्या तिप्पट दुसऱ्या दुकानात. सासरे म्हणतात, ही मोडणार. शिवाय विचारणाऱ्या ताईंना हेही हवंय की शंभर वर्षांपूर्वीच्या खुर्चीचं आजही एवढं कौतुक कशासाठी.

सासऱ्यांची शंका रास्त आहे, फक्त त्यांनी बोट भलत्या जागी ठेवलंय. मागचे पाय नाहीत म्हणून ती मोडायची नाही. पाइप पातळ असेल तर मात्र मोडेल, आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा पातळ असतो. हे दुकानात कसं ओळखायचं ते सांगतोच, पण आधी ती अशी का झाली ते बघू, म्हणजे कुठे बोट लावायचं ते आपोआप कळेल.

मी पुण्यात सव्वीस वर्षं फर्निचर डिझाइन करतो. त्यातला निम्मा वेळ दुरुस्तीत जातो, आणि त्याची मला लाज नाही, कारण खुर्ची कशी बनवायची हे मोडक्या खुर्च्यांनीच शिकवलं. लाकडी खुर्ची जवळजवळ नेहमी एकाच जागी जाते. जेवण झालं की माणूस मागे रेलतो, पुढचे दोन पाय उचलतो आणि गप्पा मारतो. त्या वेळी सगळा भार मागचा पाय आणि बैठकीची पट्टी जिथे मिळतात त्या सांध्यावर येतो. खाचेत बसवलेलं कुसू आधी कुरकुरतं, मग सरस सुटतो, मग खुर्ची डुगडुगायला लागते. सुतार पाचर मारतो, घरमालक लोखंडी पट्टी ठोकून घेतो, आणि दोन वर्षांनी ती पुन्हा माझ्याकडे येते. लाकूड शाबूत असतं. मेलेला असतो तो जोड.

आधुनिक खुर्चीचा इतिहास मी तरी याच बाजूने वाचतो: जोड कमी कसे करायचे. चित्रकलेच्या पुस्तकांत चौकोन, तांबडा-निळा-पिवळा वगैरे बरंच असतं, ते खोटं नाही, पण कारखान्यात उभं राहिलं की हे आधी दिसतं.

पहिली मोठी उडी मिखाएल थोनेट या जर्मन सुताराची. ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्डचा हा माणूस पुढे व्हिएन्नात गेला. बीच लाकडाच्या गोल दांड्या वाफेवर मऊ करून त्याने लोखंडी साच्यांत वाकवल्या. खरी मेख वाफेत नाही. लाकूड वाकवलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिथे चिरफळते, म्हणून त्याने बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी घट्ट बांधली. ताण पट्टीने घेतला, लाकूड फक्त दाबलं गेलं, आणि दबणं लाकडाला जमतं. 1859 ची त्याची 14 नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे 6 तुकडे, 10 स्क्रू आणि 2 नट. सुट्ट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोचल्या जागी जोडल्या जात. 1930 पर्यंत अशा सुमारे 5 कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत काळपट, गोल पाठीच्या ज्या खुर्च्यांवर बसून आपण बनमस्का खाल्ला, त्या याच घराण्यातल्या.

आता स्टीलकडे येऊ. बिनजोडाची पोलादी नळी बनवण्याची युक्ती मानेसमान बंधूंनी 1880 च्या दशकात काढली. तिच्यामुळे पातळ पण न फाटणारी नळी मिळू लागली, आणि तिचा एक मोठा गिऱ्हाईक होता सायकलचा धंदा. मार्सेल ब्रॉयर हा हंगेरीतल्या पेच गावचा मुलगा 1920 मध्ये अठराव्या वर्षी जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत दाखल झाला. आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियस यांनी 1919 मध्ये काढलेली ही शाळा 1925 मध्ये डेसाऊला हलली, तेव्हा ब्रॉयर तिथल्या सुतारकामाच्या वर्कशॉपचा प्रमुख झाला. तो आडलर कंपनीची सायकल चालवायचा. हँडल वाकवता येतं तर खुर्ची का नाही, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यातून 1925-26 मध्ये जी आरामखुर्ची झाली तिला आज जग 'वासिली' म्हणतं. चित्रकार कान्डिन्स्की शाळेत त्याचे सहकारी होते, त्यांच्यावरून हे नाव, पण ते कित्येक वर्षांनी एका इटालियन उत्पादकाने विक्रीसाठी चिकटवलं. त्या खुर्चीत एक गोष्ट बघण्यासारखी आहे: बसणाऱ्याचं अंग स्टीलला फारसं लागतच नाही. ते ताणलेल्या कापडी पट्ट्यांवर तरंगतं. त्या कापडाचं जर्मन नाव 'लोखंडी सूत', पण त्यात लोखंड औषधालाही नाही. मेण लावून घोटलेलं सुती सूत आहे ते, पायताणाच्या दोऱ्यासारखं चिवट.

मागचे पाय मात्र ब्रॉयरने आधी काढले नाहीत. ते काढले मार्ट स्टाम या डच आर्किटेक्टने. 1926 मध्ये त्याने गॅसच्या पाइपचे सरळ तुकडे आणि नळकामातले एल्बो जोडून एक नमुना बनवला. प्लंबरच्या पिशवीतून निघालेली खुर्ची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये श्टुटगार्टला वाइसेनहोफच्या नियोजित गृहप्रदर्शनासाठी आर्किटेक्ट जमले होते. तिथे त्याने या खुर्चीचं रेखाटन करून दाखवलं. जर्मन आर्किटेक्ट मीस फान डेर रोहे तिथेच होते. 1927 मध्ये प्रदर्शन उघडलं तेव्हा तिथे स्टामची काटकोनी खुर्ची होती आणि मीस यांची, पुढच्या बाजूला मोठी अर्धवर्तुळी कमान असलेली. गंमत अशी, की स्टामच्या खुर्चीला उसळी नव्हती. तो पाइप आतून भक्कम करून ताठ ठेवला होता, त्याला फक्त रेघ साधी हवी होती. उसळी मीस आणि ब्रॉयर यांनी आणली. 1928 मध्ये ब्रॉयरने याच आकाराच्या पाइपला लाकडी चौकट आणि वेताची जाळी दिली. तुम्ही बघताय ती ही. थोनेट कंपनी पुढच्याच वर्षापासून असं पाइपचं फर्निचर बनवू लागली, म्हणजे कॅफेतला वेत आणि सायकलचा पाइप एकाच कारखान्यात नांदू लागले.

मग व्हायचं तेच झालं: कोर्टकचेरी. मागच्या पायांशिवाय, काटकोनी रेघेची ही खुर्ची कोणाची? 1932 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कलाकृती म्हणून स्टामची ठरवली. स्टाम त्या काळात बाउहाउसचा नव्हता, नंतर काही दिवस पाहुणा शिक्षक म्हणून गेला इतकंच. तेव्हा दुकानदाराचं 'बाउहाउस चेअर' निम्मं खरं, निम्मं जाहिरात. (श्रेयाच्या बाबतीत हा काळ एकूणच वाईट. आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांच्या नावाने, 'कॉर्बुझिएची खुर्ची' म्हणून जी आरामखुर्ची विकली जाते तिच्यात शार्लोट पेरियां आणि पिएर जानेरे यांचाही हात आहे, आणि मीस यांच्या फर्निचरमागे लिली राइश. ही नावं लेबलवर यायला अनेक दशकं जावी लागली.)

मागचे पाय काढणं हे कसरत करून दाखवण्यासाठी नव्हतं. त्याच वेळी इमारतीत नेमकं हेच चाललं होतं. ग्रोपियस आणि आडोल्फ मायर यांनी 1911 मध्ये आल्फेल्ड इथे बुटांचे साचे बनवणाऱ्या फागुस कारखान्याच्या कोपऱ्यांतले खांब काढून टाकले. 1926 च्या बाउहाउसच्या डेसाऊमधल्या इमारतीत खांब आत सरकले, स्लॅब बाहेर आला, आणि काच कोपऱ्यावरून अखंड वळली. भिंत आता भार घेत नव्हती, नुसता आडोसा होती. तुमच्या फ्लॅटच्या बाल्कनीखाली खांब नाही ना? तीच ही गोष्ट. बाल्कनी एका टोकाला धरलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी, आणि म्हणून तिची सळई स्लॅबच्या वरच्या बाजूला लागते, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना मजूर त्या सळयांवर नाचले आणि त्या खाली दबल्या की बाल्कनी दिसते छान, पण आतून गेलेली असते. हे ध्यानात ठेवा, खुर्चीत पुन्हा कामाला येईल.

या विचाराचा आपल्याशी धागा कुठे, असं विचाराल तर एक नाव पुरे: आर्किटेक्ट अच्युत कानविंदे. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, जन्म 1916, शिक्षण मुंबईच्या जे.जे.मध्ये. 1945 मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं, आणि तिथे शिकवायला खुद्द ग्रोपियस. परत आल्यावर अहमदाबादची अटिरा ही संशोधन संस्था आणि पुढे आयआयटी कानपूर त्यांनी उभी केली. आपल्याकडच्या कॉलेजांचे उघडे काँक्रीट-विटांचे लांब कॉरिडॉर बघताना मला नेहमी त्यांची आठवण येते.

त्या पिढीच्या चुकाही सांगायला हव्यात. डेसाऊचा काचेचा वर्कशॉप उन्हाळ्यात तापायचा आणि थंडीत गारठायचा. हिंजवडीत काचेच्या डब्यात एसी लावून बसणाऱ्यांना मी वेगळं काय सांगू? पाँडिचेरीचं गोलकोंडा बघा. आर्किटेक्ट आंतोनिन रेमंड आणि त्यांचे सहकारी यांनी 1930 च्या दशकाच्या शेवटी बांधायला घेतलेलं हे वसतिगृह तितकंच आधुनिक, तितकंच काँक्रीटचं, पण दोन्ही लांब बाजूंना काचेऐवजी उघडझाप होणाऱ्या आडव्या पट्ट्या. वारा आत, ऊन बाहेर.

आणि स्वयंपाकघर. विचारलं नाहीत, पण नव्या फ्लॅटचा विषय आहे म्हणून सांगतो, कारण या चळवळीचा घरातला सर्वांत खोल ठसा माझ्या मते खुर्चीवर नाही, ओट्यावर आहे. फ्रँकफुर्टमध्ये आर्किटेक्ट एर्न्स्ट माय यांच्या हाताखाली कामगारांसाठी हजारो घरं बांधली जात होती. त्यांच्यासाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी 1926 मध्ये जे स्वयंपाकघर आखलं ते होतं साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. नमुना समोर होता रेल्वेच्या डायनिंग कारच्या खानपानघराचा. बाईची दिवसभरात किती पावलं पडतात हे मोजून सिंक, कापण्याची फळी, शेगडी यांचा क्रम लावला. खिडकीपाशी बसून काम करायला फिरतं स्टूल, भिंतीवरून खाली पडणारी इस्त्रीची फळी, साखर-तांदूळ-डाळी ठेवायला चोच असलेले अॅल्युमिनियमचे ओढखण, आणि पिठासाठी ओक लाकडाचा खण, कारण ओकामुळे पिठाला कीड लागत नाही असं मानत. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बसवली गेली. तक्रारीही लगेच आल्या: दोन बायका एका वेळी मावत नाहीत, आणि ते खालचे ओढखण पोरांच्या हाताला लागतात. आज मॉड्युलर किचनवाला तुम्हाला ट्रॉल्या दाखवतो तेव्हा त्याच वहीतलं पान उलटत असतो. दिवाळीच्या फराळाला तीन जणी ओट्याशी उभ्या राहिल्या की होणारी चेंगराचेंगरीही त्याच वहीतली.

खुर्चीकडे परत. या सगळ्यांचं म्हणणं होतं की चांगली वस्तू कारखान्यात बनून सगळ्यांना परवडावी. झालं उलट. मूळ परवान्याने बनणाऱ्या या खुर्च्या आज श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असतात. चंदिगडमध्ये पिएर जानेरे यांच्या देखरेखीखाली स्थानिक सुतारांनी सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी-वेताच्या खुर्च्या कित्येक वर्षं गच्च्यांवर मोडक्या पडून होत्या. भंगारात गेल्या, परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या, आणि मग 2011 मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. त्या पिढीचं स्वप्न खरं केलं ते मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्चीने. साच्यात वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन दाबायचं आणि अख्खी खुर्ची एका दमात बाहेर काढायची. थोनेटचे 6 तुकडे, ब्रॉयरची एक रेघ, आणि शेवटी एकही जोड नाही. तिला नाकं मुरडणारे माझे आर्किटेक्ट मित्र मला पटत नाहीत. उन्हात पडून ती ठिसूळ होते, हा तिचा खरा दोष. बाकी ती पाहुण्यांना पुरते, एकावर एक रचता येते आणि एका हाताने उचलता येते.

आता तुमची तपासणी. दुकानात गेलात की खुर्चीवर बसायच्या आधी ती उलटी करा.

या खुर्चीत भार कुठून कुठे जातो ते बोटाने गिरवा: बैठकीवरून पुढे, पुढच्या गुडघ्यातून खाली, खालच्या वळणातून मागे, जमिनीवर टेकलेल्या आडव्या पाइपमध्ये, म्हणजे रनरमध्ये. सगळा ताण त्या दोन वळणांत. बाल्कनीसारखाच तो वळणाच्या बाहेरच्या अंगाला येतो, आणि पाइप वाकवताना नेमकी तीच बाजू ताणून पातळ झालेली असते. म्हणून पाइपची जाडी हाच खरा मुद्दा. ढोबळ गणित करून दाखवतो. 80 किलोचा माणूस, म्हणजे एका बाजूला 40, आणि त्याचं वजन पुढच्या वळणापासून साधारण 25 सेंटिमीटर मागे. 25 मिलिमीटर व्यासाचा, 14 गेजचा म्हणजे 2 मिलिमीटर जाडीचा पाइप असेल तर त्या वळणात ताण येतो दर चौरस मिलिमीटरला सुमारे 130 न्यूटन. तोच पाइप 18 गेजचा, 1.2 मिलिमीटरचा असेल तर सुमारे 195. साधं माइल्ड स्टील 250 च्या आसपास कायमचं वाकतं. हे झालं शांत बसलेल्या माणसाचं. दमून आलेला माणूस धपकन बसतो तेव्हा भार सहज दीडपट होतो. 14 गेज तेव्हाही तग धरतो, 18 गेज हद्द ओलांडतो. एकदम नाही मोडत. रोज थोडी थोडी बसते, आणि एक दिवस वेल्डिंगपाशी केसासारखी चीर दिसते. माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त खुर्च्या याच चिरेसकट येतात.

दुकानदार गेज सांगणार नाही, बऱ्याचदा त्याला माहीतही नसतं. वजन करा. चौकटीला साधारण 4 मीटर पाइप लागतो. 14 गेजमध्ये त्याचं वजन साडेचार किलोच्या आसपास, 18 मध्ये तीनच्या आत. लाकूड-वेत दोन्हींत सारखंच, तेव्हा दोन दुकानांतल्या दोन खुर्च्या काट्यावर ठेवल्या तर तिप्पट किंमतीतली किती खरी आणि किती झगमगाट, ते कळेल. मग वळणाची आतली बाजू अंगठ्याने चाचपा. सुरकुती लागली किंवा पाइप तिथे चपटा झालेला दिसला तर तो नीट साच्यावर वाकवलेला नाही. पूर्वी आम्ही पाइपमध्ये वाळू ठासून, टोकांना लाकडी गुट्ट्या मारून, तापवून वाकवायचो. माझ्या पहिल्या खेपेला वाळू नीट भाजलेली नव्हती. आतल्या ओलीची वाफ झाली आणि गुट्टी बंदुकीच्या गोळीसारखी सुटून पत्र्याच्या छपराला भोक पाडून गेली. तेव्हापासून मी वाळू दोनदा भाजतो आणि पाइपच्या तोंडासमोर कोणाला उभं राहू देत नाही. आता पाइपला आतून आधार देऊन वाकवणारं यंत्र, मँड्रेल बेंडर, असतं, त्यामुळे सुरकुतीला सबब नाही.

वेल्डिंग आणि स्क्रूची भोकं वळणावर असू नयेत, सरळ भागात असावीत. क्रोमला खालच्या बाजूने बघा, तिथे पुरळ दिसले तर कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळ्यांत गंज धरेल. वेत खरा की प्लास्टिकचा हे उलटीकडून कळतं: खऱ्या वेताची वरची बाजू चकचकीत, खालची मंद आणि रवाळ, प्लास्टिक दोन्हीकडून सारखं. जाळी दोन प्रकारांनी बसवतात. एकीत चौकटीला भोकं असतात आणि वेत हाताने ओवलेला असतो. दुसरीत विणलेली शीट खाचेत दाबून वरून वेताची काडी ठोकलेली असते. दुसरी स्वस्त, आणि फाटली तर बदलायलाही सोपी, त्यामुळे रोजच्या वापराला मी तीच सुचवेन. वर्षभराने जाळी सैल पडली तर घाबरू नका. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं खालच्या, मंद बाजूला लावा, कारण पाणी तिकडूनच मुरतं, आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. सकाळी टिचकी मारली तर डफासारखी वाजेल.

एक अडचण राहते, आणि ती सासऱ्यांचीच आहे. म्हातारं माणूस उठताना आधी बैठकीच्या काठावर सरकतं आणि पुढे झुकतं. या खुर्चीचा रनर पुढे फारसा जात नाही, त्यामुळे काठावर भार आला की ती पुढे कलू शकते. याच खुर्चीचा हातांचा प्रकार मिळतो, त्यात हातांवर दाब देऊन मागूनच उठता येतं. सहापैकी एक तशी घ्या. दुकानातच तिच्यात सासऱ्यांना बसवा, दोनदा उठायला लावा, मग पैसे द्या.